बाई सांगतील तेवढ्या गाड्या

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. भर दुपारी सराफाचं दुकान लुटून दोघे चोर बेकरीवाल्याच्या उभ्या व्हॅनमध्ये घुसले आणि सुसाट सुटले. मागे पावाच्या ट्रेमध्ये बेकरीवाल्याची चिमुरडी बसली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पोलीस ठाण्याच्या फाटकातच वायरलेसबाईंनी जीप अडवली. बाई काही पोलीस नव्हत्या. अंगावर वर्दी नाही, खांद्यावर फीत नाही. पण त्यांच्या आवाजाशिवाय ठाण्यातलं पान हलत नसे.

"हवालदार, मंडईमागच्या बोळात जीप लावा आणि गप्प बसा. रेडिओवर मी तुमचं नाव घेणार नाही. गेल्या महिन्यात चोरीला गेलेला आपला संच या दोघांच्याच हातात दिसलाय. आपलं सगळं ते ऐकतायत."

"मग तुम्ही काही बोलूच नका ना!" हवालदाराशेजारी बसलेले नवे साहेब म्हणाले. ते त्या सकाळीच रुजू झाले होते.

"उलट आज घसा बसेपर्यंत बोलणार आहे, साहेब," म्हणत बाई आत पळाल्या.

बोळात जीप उभी राहिली. साहेबांचा रुमाल घामाने चिंब झाला.

"त्यांनी मागे वळून पाहिलं तर? पोरीला ओलीस धरलं तर?"

"वळायला सवड मिळाली तर ना!" हवालदार म्हणाला.

संच खरखरला. "गाडी दोन, कुठे आहात?"

"पुलावर, बाई." घोगरा आवाज, मागे इंजिनाची एकसारखी घरघर. "गाडी आडवी लावलीय. चिलटसुद्धा जाणार नाही."

"गाडी तीन?"

"रेल्वे फाटक. टायरवर गोळी घालू?"

"गोळीबिळी काही नको! नुसते उभे राहा."

"गाडी चार?"

"दगडखाणीचा रस्ता. आम्ही पाच जण आहोत, बाई, आणि पाचही उपाशी. लवकर धाडा त्यांना इकडे!"

एवढ्या धास्तीतही साहेबांना हसू फुटलं. "आपल्याकडे गाड्या आहेत तरी किती हो?"

"बाई सांगतील तेवढ्या, साहेब."

"आणि मुख्यालयात मला सांगत होते की इथे माणसांचा दुष्काळ! अर्धे शिपाई परगावी बंदोबस्ताला गेलेत म्हणून!"

"शूऽऽ. ऐका."

बाईंचा आवाज चढला होता. "मंडईमागच्या बोळात कोण आहे?"

क्षणभर नुसती खरखर.

"कोणीच नाही, बाई," गाडी दोन पुटपुटली. "तो राहूनच गेला."

"अहो, मग हळू बोला की! कोणी ऐकलं म्हणजे?"

हवालदाराच्या मिशीत हसू पसरलं. त्याने गिअरवर हात ठेवला.

तोच करकचून वळण घेत व्हॅन बोळात शिरली. जीप झेपावली आणि व्हॅनच्या नाकाला नाक भिडवून उभी राहिली. व्हॅन करकरत थांबली आणि बंदच पडली. बोळ इतका अरुंद की दोन्ही बाजूंचे दरवाजे भिंतींवर आपटले, उघडेचनात. आत दोघे चोर बाटलीतल्या माशांसारखे धडपडत राहिले.

व्हॅनच्या छतावरून उडी मारून साहेब मागे गेले आणि मागचं दार उघडलं. केसांत पावाचा चुरा, हातात अर्धा खाल्लेला पाव. पोरीने विचारलं, "आलं का घर?"

साहेबांनी तिला उचलून इतकं घट्ट धरलं की पाव त्यांच्या कोऱ्या वर्दीला चिकटला.

चोरांना पुढे सजा झाली. ती चिमुरडी मोठी होऊन शाळेची मुख्याध्यापिका झाली. साहेब चढत चढत मुख्यालयात पोहोचले, हवालदार पेन्शनीत नातवंडांचा घोडा झाला आणि बाई त्याच संचासमोरून निवृत्त झाल्या. गाडी दोन, म्हणजे ठाण्याच्या वर्द्या शिवणारे शिंपीकाका, आपलं घरघरणारं मशीन लेकीला देऊन गेले. गाडी तीन, म्हणजे टायपिस्ट, हेडक्लार्क झाला. गाडी चारने, म्हणजे ठाण्याच्या आचाऱ्याने, पुढे स्वतःची खानावळ काढली. तिघांपैकी एकालाही शेवटपर्यंत गाडी चालवता आली नाही.