दोन कोरियन अक्षरं

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात लेकीच्या शाळेतल्या पालकसभेत बोलताना पद्माचं इंग्रजी अडखळलं. कुणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ वर्गातल्या मुलींच्या ग्रुपवर फिरला. त्याखाली सगळ्यांत आधी पद्माच्याच लेकीनं, ऐश्वर्यानं, टाकलं होतं: ㅋㅋ

"काय अर्थ याचा?" पद्मानं फोन तिच्यासमोर आपटला.

"कोरियन आहे, मम्मा. चॅटमध्ये एव्हरीवन टाइप्स इट."

"अर्थ विचारला मी!"

"हसणं."

पद्माचा आवाज चिरकला. "तुझ्या रंगावरून तुला छळतात, त्याच मुलींची तक्रार करायला उभी राहिले होते मी! आणि त्यांच्याआधी तू हसलीस?"

"मग काय करू?" ऐश्वर्याही किंचाळली. "मी हसले नसते, तर उद्यापासून परत मलाच हसल्या असत्या त्या!"