सातवी वॅगन

“हिचं काय, बाबा?” सूनबाईने विचारलं.

सासऱ्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. जुन्या गाड्यांचा दुकानदार हाताची घडी घालून उभा राहिला. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाची ऐकण्याची ही रीत. हा माणूस इंजिनाच्या पोटातलं ओठावर आणतो, असं गिऱ्हाइकं म्हणायची.

इंजिन ठणठणीत होतं. मागच्या शनिवारचंही ठणठणीतच होतं.

“टॅपेट वाजताहेत,” ते म्हणाले. “नको.”

सूनबाईने निमूटपणे वहीतल्या सहाव्या वॅगनवर काट मारली.

तिचा पडदे शिवण्याचा धंदा. कापड कशातही कोंबता येतं, पण पडद्याचा आठ फुटी रॉड लांब डिकीशिवाय मावत नाही. म्हणून स्टेशन वॅगनच हवी. बजेट बेताचं, म्हणून जुनी हवी, आणि जुनी म्हटल्यावर भरवशाची हवी. “बाबा, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार?” असं म्हणून तिने त्यांना खुर्चीतून उठवलं होतं.

गॅरेज विकल्यापासून वर्षभर ते त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. दाढी वाढलेली, पेपराची घडीही न मोडलेली. मुलगा म्हणायचा, जरा बाहेर पडा. ते म्हणायचे, कशाला? माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय?

पहिल्या दोन वॅगन खरोखरच टाकाऊ निघाल्या. एकीचा पत्रा खालून गंजलेला, दुसरी अपघातातून उठवून रंग फासलेली. तिसरी मात्र उत्तम होती. तिच्या डिकीत रॉड सरळ आत गेला आणि सासऱ्यांच्या लक्षात आलं. गाडी मिळाली की शनिवार संपले. मग पुन्हा खुर्ची आणि खिडकी.

“क्लच जड आहे,” ते बोलून गेले. चांगल्या गाडीवर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच खोटा आळ घेतला होता.

मग चटकच लागली. चौथी ‘वळताना रुसते’, पाचवी ‘चढावर दम टाकते’. सूनबाई प्रत्येक वेळी मान डोलवायची आणि काट मारायची. नंतर कुठेतरी बाकावर बसून चहा, आणि तिची थट्टा.

“सून आणताना एवढं तपासलं नव्हतं तुम्ही.”

“तेव्हा स्क्रू ड्रायव्हर घरी विसरलो होतो.”

आता शुक्रवारीच ते शर्टाला इस्त्री करून ठेवत. शनिवारी गुळगुळीत दाढी करून, मोजायला घेतलेला रॉड एका राखाडी वॅगनच्या डिकीत सरकवून ते सूनबाईच्या शेजारी बसत. ती वॅगन मैत्रिणीची, असं सूनबाईने सांगितलं होतं. मैत्रीण परगावी गेली होती, येईपर्यंत वापर म्हणाली होती. उसनी गाडी म्हणून सासरे तिची जास्तच काळजी घेत. त्यांनी तिचे वायपर बदलले, कुरकुरणाऱ्या दाराला तेल दिलं, प्लग साफ केले.

“अशी एखादी मिळाली तर डोळे झाकून घे,” ते म्हणायचे.

“मिळेल की,” ती म्हणायची आणि गिअर टाकायची.

पण या आठवड्यात त्यांनी तिला एकटीने रॉडांची मोळी त्या गाडीत चढवताना पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. उद्या मैत्रीण आली तर? पोरीचा धंदा उसन्या गाडीवर लटकलाय आणि आपण धडधाकट गाड्यांना नावं ठेवत हिंडतोय. आता बस झालं, त्यांनी ठरवलं.

सातवी वॅगन पांढरी होती. त्यांनी तेल बोटांत चोळून पाहिलं, खाली वाकून पत्रा पाहिला, मूठ कानाला लावली. मग इंजिन बंद केलं.

“चांगली आहे,” ते म्हणाले. “घेऊन टाक.”

सूनबाईची पेन्सिल वहीवरच थांबली. “क्लच नीट बघितलात?”

“हलका आहे.”

“वळताना रुसत नाही?”

“नाही.”

“बाबा, पुन्हा एकदा बघा ना. काहीतरी असेलच.”

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. सासऱ्यांनी मान हलवली. तिचा चेहरा एवढासा झाला. ती दुकानदाराशी बोलायला लागली आणि सासरे तेलकट हात पुसायला राखाडी वॅगनकडे गेले. मन जड झालं होतं, पण योग्य तेच केलं होतं.

फडकं शोधायला त्यांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. फडक्याखाली गाडीची कागदपत्रं होती. मालकाच्या जागी सूनबाईचं नाव होतं. तारीख पहिल्या शनिवारच्या आठ दिवस आधीची होती. सासऱ्यांनी ती दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदाही वाचली. डोळे भरून आले आणि पाठोपाठ हसूही फुटलं. कागद होते तसे ठेवून, हात पुसून ते परत पांढऱ्या वॅगनपाशी आले. स्क्रू ड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. “थांब, सूनबाई,” ते म्हणाले. “आवाज येतोय. नको ही.” दुकानदार म्हणाला, “काका, अहो, इंजिन बंद आहे.” सूनबाई क्षणभर सासऱ्यांकडे बघत राहिली. मग तिने वहीत सातव्या वॅगनवर काट मारली आणि दुकानदाराला म्हणाली, “बाबांचा कान आहे तो. त्यांना येतो आवाज.”