डबल स्टँड

"ओढू नकोस गं. नुसती उभी राहा," सासरे म्हणाले, आणि धाकटी सून उभी राहिली.

बस, एवढंच. डावा हात हँडलवर, उजवा सीटखालच्या दांड्याला, उजवं पाऊल डबल स्टँडच्या खुंटीवर. स्टँडचे दोन्ही पाय फरशीला टेकल्याचा टक्क आवाज झाला. जिन्याची पायरी चढावी तशी धाकटी त्या खुंटीवर चढली, आणि तीन माणसांच्या वजनाची ती जुनी मोटारसायकल मागे सरकून आपसूक उंच झाली. मागचं चाक जमिनीवरून सुटलं.

"शाबास!" सासऱ्यांनी खुर्चीतूनच काठी आपटली. चेनला तेल द्यायचं तर मागचं चाक मोकळं हवं, आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडीला नऊ आठवडे कुणी डबल स्टँडवर घेतलं नव्हतं. दोन्ही मुलगे साइड स्टँडवर भागवणारे.

अंगणाकडच्या खिडकीत थोरली सून भांडी विसळत होती. हातातलं पातेलं चौथ्यांदा विसळून झालं होतं.

पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून बाथरूममध्ये सासऱ्यांना नेलं होतं तिने. काखेत हात घालून, श्वास रोखून, एक दोन तीन. भरलेला सिलिंडर ती एकटी आत घेई. कपाट सरकवायचं असलं की पहिली हाक तिलाच. उचलायला थोरली, शिकवायला धाकटी!

"टाच नको, पावलाचा मधला भाग टेकव. हां. हँडल सरळ. नजर समोर."

हा मऊ आवाज तिने पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. तिच्या वाट्याला दोनच वाक्यं आली होती: 'जरा धर गं' आणि 'झालं, सोड आता.'

ती ओल्या हातांनीच बाहेर आली. "बाबा, मी लावते."

"ताई, तुमच्या तर डाव्या हातचा मळ!" धाकटी हसली. "घरात वजन तुमचंच."

"आहेच. म्हणून घर जागेवर आहे. नाहीतर फुंकरीनं उडणाऱ्या काय कमी आहेत?"

धाकटीचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिने साइड स्टँड आधी खाली पाडला, पुढचा ब्रेक बोटांत ठेवला आणि गाडी हलकेच पुढे लोटली. चाक टेकलं, गाडी साइड स्टँडवर कलली. मग ती पलीकडे जाऊन टाकी पुसायला लागली.

थोरलीने हँडल धरून गाडी सरळ केली, पाय खुंटीवर ठेवला आणि वाट पाहिली. आता म्हणतील, पाऊल असं ठेव. आता म्हणतील, नजर समोर.

"तुला काय शिकवायचं?" सासरे म्हणाले. "तू तर उचलूनच ठेवशील."

मग तिने उचललीच. दात आवळून, कमरेतून, सगळ्या पंधरा वर्षांच्या जोरानं. पाय खुंटीवर होता तो नावाला. गाडी वीतभर उठली, हँडल वळलं, आणि सगळं लोखंड तिच्यापासून दूर कलायला लागलं. धाकटीच्या अंगावर.

"ताई! सोडू नका हं!" धाकटीने टाकीला खांदा लावला. तो खांदा केवढासा.

पापणी लवेल इतकाच वेळ, पण थोरलीच्या बोटांना सोडावंसं वाटलं. हे तिचं तिलाच कळलं. तिने जीव एकवटून गाडी आपल्याकडे ओढली. गाडी डुलली, सरळ झाली.

काठी फरशीवर पडली होती. सासरे काठीशिवाय उभे होते. गाडीसाठी उठले की धाकटीसाठी, थोरलीला कळेना. तिसरंही कुणी असेल हे तिच्या मनात आलं नाही.

सीटचा आधार घेत ते तिच्याजवळ आले. "कमरेत लचक भरली का?"

तिने नकारार्थी मान हलवली. डोळे वर केले नाहीत.

"चुकलंच माझं. तुला येतच असेल असं धरून चाललो. पाय टेकव. असा नाही, मधला भाग. स्टँडचे दोन्ही पाय टेकले का बघ. टेकले की गाडी डुलायची थांबते."

टक्क.

"आता उचलू नकोस. भार टाक."

"टाकलाय की."

"नाही टाकलेला. अंग अजून हातातच आहे तुझं. सवय नाही तुला."

"कुणावर टाकू?" ती एकदम म्हणाली. आवाज तिला हवा होता त्याहून मोठा निघाला.

सासरे खुंटीकडे बोट दाखवत म्हणाले, "तूर्त हिच्यावर टाक. धरते ती."

थोरलीने हातातला जोर सोडला आणि उभी राहिली. नुसती उभी. पायाखाली लोखंड हळूच दबलं आणि जड गाडी तिच्याबरोबर, तिने न उचलता, वर आली. मागचं चाक अधांतरी होऊन संथ फिरायला लागलं.

"झालं ना?" तिने विचारलं, आणि सवयीनं हात काढायला गेली.

"थांब. सोडू नकोस इतक्यात," सासरे म्हणाले. "नजर समोर."

नजर समोर गेली. गाडीपलीकडे धाकटी टाकी पुसत होती. तोच डाग, चौथ्यांदा.