पानभर रडणं

झाडीपट्टीच्या नाटकात मुलाचं प्रेत घरी आलं की आईनं पानभर रडायचंच, नाहीतर प्रेक्षक शिट्ट्या मारून पडदा पाडायला लावतात. ते रडणं केवळराम मास्तरांना काही केल्या लिहिता येत नव्हतं, आणि वडशाला प्रयोग उद्याच होता.

"डोळे मिटून अजिबात न हलता बसा. आपोआप सुचते," निर्मात्यानं कुठल्याशा शिबिरात शिकलेला उपाय सांगितला. मास्तर रिकाम्या तालीमघरात तसे बसले. पाय बधिर झाले, मानेवरून घाम ओघळला. "देवा, एक ओळ तरी दे," ते पुटपुटले. ओळ आली नाही.

डोळे उघडले तर समोर चंद्रकलाताई बसलेल्या. आईचं काम त्याच करायच्या. त्यांचा स्वतःचा पोरगा पावसाळ्यात वैनगंगेत बुडाला होता.

"ताई, त्याला घरी आणलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" विचारलं आणि मास्तरांना स्वतःची किळस आली.

ताईंनी पदराची घडी घातली, उलगडली, परत घातली. मास्तर न हलता बघत राहिले.

मग मास्तरांनी लिहिलं : आई पदराची घडी घालते. उलगडते. परत घालते. पडदा.

"लोक शिट्ट्या मारतील," कागद पुढे करत ते म्हणाले.

"मारू द्या, मास्तर," ताई म्हणाल्या. "पानभर लिहिलं असतं, तर मी उद्या आलीच नसती."