आमचं पहिलं गाणं

अमरावतीत आमचा चौघांचा बँड होता. पहिलं गाणं मी आचलसाठी केलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते ऐकून ती रडली, पुढे माझी बायको झाली. ड्रमवाला श्याम तेव्हा म्हणाला होता, "पाहाच तू, हे गानं एक दिवस घरोघरी वाजीन."

मग श्याम नांदगाव पेठला कापडाच्या कंपनीत लागला, बाकी दोघं पुण्याला गेले. गिटार माळ्यावर गेली.

यंदा श्यामच्या ओळखीच्या ठेकेदारानं तेच गाणं मागितलं. आम्ही देऊन टाकलं. आता ते रोज सकाळी शहरभर वाजतं. मला त्यात काही ऐकू येत नाही.

आचल मात्र स्वयंपाकघरातून हाक मारते,



"अवो, तुमचं गानं आलं! कचऱ्याचा डबा घेऊन पळा, नाहीतर घंटागाडी निघून जाईन."