“कुठे पडल्या?”

“बाथरूममध्ये पाय घसरला,” थोरला म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. त्यांच्या मागे दिव्याच्या काचेवर आईच्या तीन फिल्म लावल्या होत्या. छाती, उजवा हात आणि मोडलेला खुबा.

“वय?”

“शहाऐंशी. सत्त्याऐंशीच धरा.”

“पडण्याआधी हिंडत-फिरत होत्या?”

“छे हो, मॅडम. दोन घास खायचे आणि झोपायचं. धरून नेलं तर बाथरूमपर्यंत, बस. इकडची काडी तिकडे करू देत नाही आम्ही तिला.” शेवटचं वाक्य त्याने दारातल्या नर्सलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग मी ऑपरेशन सुचवणार नाही. उठून चालणारच नसतील, तर या वयात भूल देण्याचा धोका कशासाठी घ्यायचा? दुखणं कमी राहील असं बघू. घरी न्या.”

“घरी म्हणजे झोपूनच?” धाकटीने विचारलं. ती सकाळच्या गाडीने पोचली होती. बॅग अजून खांद्यावरच होती.

“झोपूनच.”

“किती दिवस?”

“असे पेशंट फार दिवस काढत नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोरल्याने समजूतदारपणे मान हलवली. ती मान पाहून धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“माझी आई चालते,” ती म्हणाली.

“तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?”

“सहा महिने झाले.”

थोरल्याने नुसत्या भुवया उंचावल्या.

धाकटी उठली आणि थेट फिल्मसमोर जाऊन उभी राहिली. “हे मनगट बघा. ते आत्ता वाकडं झालेलं नाही. नऊ वर्षांची होती, वडिलांच्या विहिरीवर पाणी काढत होती. रहाटाचा दांडा उलटा फिरला. तेव्हापासून वेणी डाव्या हाताने घालते. आणि इथे, या बरगड्या...”

“दोन जुन्या मोडलेल्या आहेत. मी विचारणारच होते. अपघात झाला होता का?”

“गाईने लाथ मारली. हे लग्नानंतर, सासरच्या शेतात. कापणी चालली होती. तिने छातीला फडकं आवळलं आणि पात संपवूनच उठली. दादा, तुला माहीतच नाही हे. तुझी परीक्षा होती. ‘त्याला कळवलंत तर याद राखा,’ म्हणाली होती.”

“आता कशाला उकरून काढतेस?”

“हा मणका दबलाय. सत्तर वर्षं चाऱ्याचे भारे वाहिलेत तिने. आठवा महिना असताना वाहिलेत, ताप असताना वाहिलेत. आणि तू सांगतोस, आम्ही तिला काही करू देत नाही!”

“ताई, बसा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणता ते मला इथे दिसतंय. पण मला मागच्या महिन्याचं हवंय. चालत्या बाईला मी उद्या सकाळी टेबलावर घेते. आज त्या काय करतात, ते मला कोणीतरी खरं सांगा.”

धाकटी खुर्चीत बसली. दर रविवारी फोनवर आई एकच सांगायची, “बसून असते गं. राणीसारखी.” आणि तिनेही ते खरं मानलं होतं. मानणं सोयीचं होतं.

वॉर्डकडे जाताना थोरला दबक्या आवाजात म्हणाला, “तुझं काय जातंय? तू जाशील परत. लोक मला नावं ठेवतात.”

“कसली नावं?”

तो पुढे निघून गेला.

आई खिडकीलगतच्या खाटेवर होती. चादरीखाली ती इतकी लहानशी दिसत होती की नर्सने आधी शेजारच्याच बाईंना हाक मारली.

“आजी, कुठे पडलात तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आईने आधी मुलाकडे पाहिलं.

“बाथरूममध्ये,” ती म्हणाली.

“आई, खरं सांग गं.”

“खरंच. ओलं होतं तिथं.”

“घरात काही काम करता का?”

“मला कोण करू देतंय! इकडची काडी तिकडे करू देत नाहीत.”

शब्दन् शब्द तोच. धाकटीने भावाकडे पाहिलं. तो चादरीची घडी नीट करत होता. कधी नव्हे ते.

डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. “बरं आजी, आराम करा,” म्हणून त्या वळल्या.

“अहो बाई,” आईने हाक मारली, “मला उकिडवं कधी बसता येईल?”

“उकिडवं कशाला बसायचंय आता? पडून राहायचं मस्त.”

“वा! आणि धार काय पडून काढायची?”

थोरला एकाएकी खिडकीची कडी तपासू लागला. आईच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग तिने तोंड मिटून घेतलं. पण तोवर फाइल पुन्हा उघडली होती.

“गाई किती आहेत घरी?” डॉक्टरीणबाईंनी थोरल्याला विचारलं.

“तीन,” तो कडीकडे बघत म्हणाला.

“पाच,” आई म्हणाली. खोटं तिला तेवढंच सोसलं नाही. “दोन भाकड आहेत. त्या तो मोजत नाही.”