चपलेची ओळ

होळीच्या गाण्यात ज्याची थट्टा होईल त्यानं हसून फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, द्यायचा, ही आमच्या तांड्याची रीत. म्हणून २००८ च्या होळीत प्रेमदासच्या टोळीनं केलेलं रॅप मी ठेकेदार माणिकरावांना मोबाइलवर हौसेनं लावून दिलं.

"ऐकाच मालक, पोट्टे लई हुशार हायेत!"

"माणिकराव मालकानं विहीर बुजवली,
घाईघाईत कोणाची चप्पल वर राहिली?"

विहीर बुजवली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. चप्पल मात्र प्रेमदासनं लोकांना हसू यावं म्हणून मनानंच घातली होती.

माणिकराव हसले न्हाईत. त्यांनी ती ओळ तीनदा ऐकली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

 

"चप्पल कोणत्या पोरानं पाह्यली? त्याला एकट्याला घिऊन ये. फगवा देतो."